चिनहटची आंधी आणि फडक्यांचा कोन

लखनऊहून अयोध्येच्या रस्त्याला लागले की शहराच्या पूर्व टोकाला चिनहट येते. इतिहासात या गावाचे नाव आहे ते ३० जून १८५७ च्या लढाईमुळे. इंग्रज अधिकारी हेन्री लॉरेन्सची फौज इथे सपाटून मार खाऊन रेसिडेन्सीकडे पळाली आणि तिथला तो गाजलेला वेढा सुरू झाला. बाजारहाट करणाऱ्यांना चिनहट माहीत असते मातीच्या भांड्यांसाठी. विजेच्या धंद्यातल्या लोकांना मात्र ते वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. इथे २२० केव्हीचे उपकेंद्र आहे आणि अगदी शेजारी, गोमतीनगरच्या विभूतीखंडात, उत्तर प्रदेशचे राज्य भारप्रेषण केंद्र आहे. आपल्याकडे ऐरोलीला बसून जे काम चालते तेच इथे चालते: राज्यात या क्षणी किती वीज तयार होते, किती खपते आणि दोन्हींचा मेळ कसा राखायचा. २०२४ च्या जूनमध्ये या राज्याची मागणी ३०,००० मेगावॉटच्या पुढे गेली होती.

त्या केंद्रातल्या माणसांची खरी परीक्षा असते मे-जूनमध्ये, आंधीच्या दिवसांत. दिवसभर लू वाहते, पारा चाळिशीच्या बराच वर असतो, घरोघर कूलर आणि एसी चालू असतात. संध्याकाळच्या सुमाराला पश्चिमेकडून धुळीची मळकट भिंत येते. झाडे वाकतात, फलक उडतात, निलगिरीची एखादी फांदी ११ केव्हीच्या तारांवर येऊन आदळते. फीडर, म्हणजे वस्तीला वीज नेणारी वाहिनी, ट्रिप होतो. काही फीडर अपघात नको म्हणून आधीच बंद केले जातात. मग पाऊस येतो, हवा झपाट्याने गार होते आणि ज्यांच्याकडे वीज शिल्लक आहे तेही कूलर बंद करतात. मराठी वाचकाला वादळ म्हटले की अंधार आठवतो; भारप्रेषण केंद्राच्या पडद्यावर ते आधी दिसते मागणीच्या कोसळण्याने. तिथे याला ‘लोड क्रॅश’ म्हणतात. मागणी हजारो मेगावॉटने खाली येते, तर सोनभद्रकडची अनपरा-ओब्र्याची कोळशाची केंद्रे काही बटण दाबल्यासारखी थांबत नाहीत. वारंवारता ५० हर्ट्झच्या वर सरकते. लांबच लांब वाहिन्यांवर भार उरला नाही की त्यांचा दाब (व्होल्टेज) चढतो, आणि तो आवरायला काही वाहिन्या मुद्दाम उघडाव्या, म्हणजे जाळ्यातून सोडवाव्या लागतात. म्हणजे वाऱ्याने काही वाहिन्या पाडलेल्या, काही आपणच सोडलेल्या, आणि नेमक्या त्या घटकेला जाळे सर्वांत विरळ झालेले.

मोठे मनोरे वाऱ्याला सहजी दाद देत नाहीत. भारतीय मानकांत वाऱ्याच्या वेगाचा जो नकाशा आहे त्यात लखनऊसाठी सेकंदाला ४७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटर हा मूळ वेग धरला आहे. मुंबईसाठी ४४ आणि पुण्यासाठी ३९. मनोऱ्यांच्या खालचा पट्टा झाडांपासून मोकळाही ठेवलेला असतो. गल्लीतल्या खांबाला असले लाड कुठले? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागले तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरच्या घरात होते. मानकांतल्या आकड्यापेक्षा हे कितीतरी कमी. तरीही नारळी-पोफळीच्या वाड्यांतले खांब झाडांसकट आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले. वादळात जाणारी बहुतेक वीज ही अशी जाते: फांदी, खांब, तार. याला उपाय आहेत ते कष्टाचे आणि खर्चाचे, पण न कळण्यासारखे नाहीत. झाडे छाटणे, भूमिगत केबल, मजबूत खांब, आणि लाइनमन पुरेसे असणे.

दुसऱ्या जातीचा अंधार निराळा. त्यात एक वाहिनी जाते, तिचा भार शेजारणीवर येतो, ती जाते, मग तिसरी. काही मिनिटांत, कधी काही सेकंदांत, राज्येच्या राज्ये काळोखात जातात. हा अंधार का पसरतो हे शोधण्यात एका मराठी माणसाने आयुष्य घातले. अरुण फडके हे त्यांचे नाव. जन्म ग्वाल्हेरचा, २७ ऑगस्ट १९३८ चा. आग्रा विद्यापीठाची बी.एस्सी. १९५५ मध्ये, खरगपूरच्या आयआयटीतून बी.टेक. १९५९ मध्ये, आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएच.डी. १९६४ मध्ये. आपल्याकडे खगोलशास्त्रज्ञांची नावे पोरांना पाठ असतात. फडक्यांचे नाव विजेच्या अभियंत्यांपलीकडे फारसे कुणाला माहीत नाही, याचे मला आश्चर्य वाटत आले आहे. त्यांनी घडवलेले उपकरण आज जगभरातल्या वीजजाळ्यांत बसवलेले आहे.

पीएच.डी.नंतरच्या वर्षीच, ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी, अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे ३ कोटी लोकांना फटका बसला, काही ठिकाणी १३ तास. ना वादळ, ना बाँब. नायगाराजवळच्या एका जलविद्युत केंद्रातला रिले गरजेपेक्षा कमी मर्यादेवर लावलेला होता. भार वाढला आणि त्याने धडधाकट वाहिनी तोडली. त्या रात्रीनंतर वीजजाळ्याची अवस्था प्रत्यक्षात कशी मोजायची, हा प्रश्न अभियंत्यांच्या मानगुटीवर बसला.

आता रिले म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. मोठ्या वाहिनीच्या टोकाशी बसलेला ‘डिस्टन्स रिले’ सतत एक भागाकार करत असतो: दाब भागिले प्रवाह. वाहिनीवर कुठे तार तुटून जमिनीला टेकली की प्रवाह उसळतो, दाब पडतो, भागाकार लहान येतो. जितका लहान, तितका दोष जवळ. उत्तर पहिल्या पट्ट्यात आले, म्हणजे वाहिनीच्या साधारण ८० टक्के लांबीच्या आत, तर रिले तत्क्षणी ब्रेकर उघडतो, म्हणजे वाहिनी तोडतो. दुसऱ्या पट्ट्यात आले तर सेकंदाचा काही भाग थांबतो. तिसरा पट्टा लांबचा. पलीकडच्या वाहिनीचा रिले झोपला तर आपण असावे म्हणून ठेवलेला, सेकंदभर किंवा त्याहून जास्त वाट पाहणारा. गोम या तिसऱ्या पट्ट्यात आहे. वाहिनीवर दोष काहीच नाही, पण भार अतोनात वाढला आहे आणि दाब खचला आहे, अशा वेळी तोच भागाकार लहान होत होत तिसऱ्या पट्ट्यात शिरतो. रिलेला वाटते, लांब कुठेतरी तार पडली आहे. तो वाहिनी सोडतो, आणि तीही नेमकी अशा घटकेला, जेव्हा ती वाहिनी सगळ्यात जास्त हवी असते.

फडके १९६९ मध्ये ‘अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर’ या कंपनीत दाखल झाले. तिथे त्यांच्यापुढे काम होते ते यांत्रिक रिलेच्या जागी संगणक बसवण्याचे. त्या काळचे संगणक आजच्या मानाने फारच संथ. तीन फेजच्या वाहिनीवर दोष कोणत्या दोन तारांत किंवा कोणत्या तारेत आणि जमिनीत आहे हे ठरवायला सहा वेगवेगळी गणिते एकाच वेळी करावी लागत, आणि तीही सेकंदाच्या काही शतांश भागात. फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ सालचे एक जुने हत्यार बाहेर काढले. फोर्टेस्क्यू नावाच्या अभियंत्याने त्या वर्षी दाखवले होते की तीन फेजची कितीही विस्कटलेली अवस्था तीन नीटनेटक्या, समतोल घटकांत फोडता येते. ती युक्ती वापरून सहा गणितांचे एक झाले आणि तो संथ संगणकही वेळेत उत्तर देऊ लागला.

पण खरी गंमत पुढे आहे. संगणकी रिले लवकरच इतके वेगवान झाले की ती काटकसर अनावश्यक ठरली. फडक्यांच्या लक्षात आले की वाटेत हाती लागलेली वस्तूच मूळ कामापेक्षा मोलाची आहे. त्या गणितातून प्रत्येक क्षणी दाबाच्या लाटेची उंची आणि तिची कला (फेज), म्हणजे लाट आपल्या फेरीत कुठवर आली आहे ते, दोन्ही मिळत होते. एका जागची कला एकटीने काही सांगत नाही. दोन जागांची, एकाच क्षणी मोजलेली, मिळाली तर?

इथे दिंडीची आठवण काढतो. मैलभर लांबीच्या दिंडीत पुढच्या आणि मागच्या टाळकऱ्यांचा ठेका एकच असतो, पण मागच्याचा टाळ पुढच्याच्या किंचित नंतर पडतो. वीजजाळ्यातही तसेच. सगळी जनित्रे एकाच ५० हर्ट्झच्या ठेक्यावर फिरतात, म्हणजे एक लाट २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. पण वीज जिथे तयार होते तिथली लाट जरा पुढे असते, जिथे खपते तिथली जरा मागे. या अंतराला कलांतर म्हणायचे आणि ते अंशांत मोजायचे. वाहिनीतून किती वीज वाहणार हे मुख्यतः या कोनावर ठरते. कोन रुंदावत चालला तर जाळे ताणले जात आहे. तो फार रुंदावला, तर दोन्ही बाजूंचा ठेका चुकून जाळे फाटते. विभूतीखंडात बसलेल्या अभियंत्याला सोनभद्र आणि लखनऊ यांच्यातला हा कोन दिसला, तर वारा किती ताण टाकतो आहे हे त्याला तार तुटण्याच्या आधी कळेल.

अडचण होती घड्याळांची. ५० हर्ट्झच्या लाटेत एक मिलिसेकंद म्हणजे १८ अंश. दोन उपकेंद्रांची घड्याळे एवढीच चुकली तरी मोजलेला कोन केराच्या टोपलीत. शेकडो किलोमीटर दूरच्या घड्याळांना सेकंदाच्या दशलक्षाव्या भागापर्यंत जुळवणार कोण? उत्तर आकाशातून आले. जीपीएसचे उपग्रह १९७८ पासून सोडले जाऊ लागले होते. ते नेमके स्थान सांगतात, कारण त्यांच्याजवळ नेमकी वेळ असते. त्यांच्या घड्याळाची चूक एका मायक्रोसेकंदाच्या आतली, म्हणजे कोनात ०.०१८ अंशाच्या आतली. फडके १९८२ मध्ये व्हर्जिनिया टेकला प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी जेम्स थॉर्प आणि मार्क अडमियाक यांच्याबरोबर त्यांनी या मोजणीची पद्धत प्रसिद्ध केली, आणि त्याच दशकात व्हर्जिनिया टेकच्या ब्लॅक्सबर्गमधल्या प्रयोगशाळेत फेजर मेझरमेंट युनिट, म्हणजे पीएमयू, उभे राहिले. तेव्हा आकाशात उपग्रह पुरते भरलेलेही नव्हते. १९९१ मध्ये एका कंपनीने ते विक्रीला आणले, १९९५ मध्ये त्याचे पहिले मानक झाले, आणि २००८ मध्ये फडके आणि थॉर्प यांना फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले.

पीएमयू हे फडक्यांच्या कामाचे गाजलेले अंग. माझ्या मते त्यांचे दुसरे काम तितकेच मोलाचे आहे आणि वादळाशी त्याचा संबंध जास्त जवळचा. १९९० च्या दशकात त्यांनी आणि थॉर्प यांनी जुन्या मोठ्या अंधारांची चिरफाड करून ‘दडलेले दोष’ ही कल्पना मांडली. एखाद्या रिलेत खोट असते, पण रोजच्या कामात ती कधीच दिसत नाही, तपासणीतही नाही. शेजारी काहीतरी बिघडते, जाळ्याला झटका बसतो, आणि तेव्हाच ती खोट जागी होऊन चुकीची वाहिनी तोडते. मोठ्या अंधारांच्या मुळाशी जाऊन पाहिले की बहुतेक वेळा कुठेतरी रक्षक यंत्रणेचाच हात सापडतो, हे त्यांनी दाखवले.

१३ जुलै १९७७ ची न्यूयॉर्कची रात्र याचा धडा आहे. साडेआठच्या सुमाराला शहराच्या उत्तरेला वीज कोसळली आणि ३४५ केव्हीच्या दोन वाहिन्या सुटल्या. अशा वेळी ब्रेकरने क्षणभर उघडून पुन्हा लागायचे असते. तिथला एक ब्रेकर लागलाच नाही, आणि चौकशीत त्याच्या कारणांत सैल राहिलेला एक नटही निघाला. पुन्हा वीज पडली, पुन्हा वाहिन्या गेल्या, आणि तासाभरात आख्खे शहर काळोखात गेले. लुटालूट, जाळपोळ, आणि वीज पूर्ववत व्हायला २५ तास. त्या रात्रीचा ठपका आकाशातल्या विजेवर ठेवणे सोपे. तो नट मात्र वादळ येण्याच्या किती आधीपासून तसाच होता, कोण जाणे.

फडक्यांनी सुचवलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. रक्षक यंत्रणेला दोन गुण लागतात: दोष असताना हमखास तोडणे, आणि नसताना हमखास न तोडणे. एक वाढवला की दुसरा घटतो. परंपरेने अभियंते पहिल्याच्या बाजूने झुकतात, कारण जाळे धडधाकट असताना एखादी वाहिनी उगाच तुटली तरी बिघडत नाही. वादळात मात्र प्रत्येक वाहिनी लाखमोलाची. मग फडके म्हणाले, तराजू परिस्थितीप्रमाणे हलवू या. एकाच वाहिनीवर तीन रिले असू द्या. एरवी कोणाही एकाने सांगितले की तोडा. जाळे ताणले असेल तेव्हा तिघांपैकी दोघांचे एकमत झाले तरच तोडा. आणि जाळे ताणले आहे हे कोण सांगणार? पीएमयूने मोजलेला कोन.

१४ ऑगस्ट २००३ ला हाच धडा पुन्हा गिरवला गेला. ओहायोत झाडे न छाटल्यामुळे वाहिन्या एकामागून एक गेल्या. मग सॅमिस-स्टार ही वाहिनी तिसऱ्या पट्ट्याच्या रिलेने, कसलाही दोष नसताना, तोडली. पाच कोटी लोक अंधारात गेले. चौकशीत दिवसचे दिवस गेले ते निव्वळ नोंदींची वेळ जुळवण्यात, कारण प्रत्येक उपकेंद्राचे घड्याळ आपापल्या मनाने चालत होते.

आणि मग ३० जुलै २०१२. पहाटे २ वाजून ३३ मिनिटे. मध्य प्रदेशातल्या बीनाहून ग्वाल्हेरला येणारी ४०० केव्हीची एक वाहिनी प्रमाणाबाहेर भारावलेली होती, कारण तिची जोडवाहिनी कामासाठी बंद होती. तिसऱ्या पट्ट्याच्या रिलेने ती तोडली. चौकशी समितीने स्वच्छ लिहिले की त्या वेळी कुठेही दोष नव्हता. उत्तरेचे जाळे कोसळले; लखनऊ, दिल्ली, जम्मू, सगळीकडे काळोख. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा तेच, आणि आता पूर्व आणि ईशान्यही सोबत गेले. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात वीज नव्हती. जगाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अंधार, आणि तो सुरू झाला फडक्यांच्या जन्मगावी जाणाऱ्या तारेवर, ज्या व्याधीवर ते सोळा वर्षे आधी लिहून बसले होते तिच्याच पायी. कादंबरीत असे लिहिले तर संपादक खोडून टाकेल.

एक गोष्ट मात्र ओहायोपेक्षा बरी होती. २०१० मध्येच उत्तर भारतात प्रयोगादाखल चार पीएमयू बसले होते: मोगा, दादरी, विंध्याचल आणि लखनऊच्या शेजारचे कानपूर. कोणत्या क्षणी कोणता कोन कसा फाकत गेला, हे त्यांच्या नोंदींनी चौकशी समितीला दाखवले. त्यानंतर पॉवरग्रिड या सरकारी पारेषण कंपनीने देशभर पीएमयू बसवण्याचा प्रकल्प हाती घेतला. साडेतीनशेच्या आसपास उपकेंद्रांत हजाराहून जास्त युनिटे बसवण्याचे ठरले, आणि त्यांची माहिती सेकंदाला २५ वेळा राज्यांच्या भारप्रेषण केंद्रांपर्यंत नेण्याचे. जुन्या पद्धतीत हेच आकडे दर काही सेकंदांनी येत, आणि तेही एका क्षणाचे नसत. या माहितीवर चालणारी सॉफ्टवेअरे बनवायला पॉवरग्रिडने आयआयटी मुंबईला सोबत घेतले. त्यांच्या कामांच्या यादीत एक आहे, तिसऱ्या पट्ट्याच्या रिलेवर देखरेख ठेवून त्याला नाहक वाहिनी तोडू न देणे. पवईत बसून केलेले हे काम बीना-ग्वाल्हेरच्या जखमेवरच बेतलेले आहे.

दरम्यान जाळे आणखी वाढले आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाला जोडले गेले, आणि तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ठेका आहे. मोठ्या जाळ्याला झटका सोसायची ताकद जास्त असते, हे खरे. आणि झटका पसरायला मैदानही मोठे असते. म्हणून काही शहरांभोवती ‘बेट’ करण्याची सोय ठेवतात, की जाळे बुडाले तरी तेवढा तुकडा स्वतःच्या जनित्रांवर तरंगत राहावा. मुंबईची ही सोय १९८० च्या दशकापासूनची, आणि तिचा शहराला कोण अभिमान होता. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा ती टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. याउलट २०१२ च्या दोन्ही दिवशी उत्तर प्रदेशातले नरोऱ्याचे अणुवीज केंद्र मात्र आपला तुकडा धरून चालत राहिले. बेट करणे हाही शेवटी रिलेचाच निर्णय असतो, आणि दडलेला दोष तिथेही दडू शकतो.

चिनहटमध्येच कठौता तलाव आहे. शारदा कालव्याचे पाणी इथे साठवून, शुद्ध करून गोमतीनगर आणि इंदिरानगरला पुरवले जाते, आणि ते चढवायला पंपाला वीज लागते. आंधीत फीडर गेला की नळही जातो. जाळ्याच्या वरच्या मजल्यावर मायक्रोसेकंद मोजले जात असले तरी खालच्या मजल्यावर, ११ केव्ही आणि त्याखाली, पीएमयू अजून प्रयोगाच्याच अवस्थेत आहे. तिथे आंधी सरली की लाइनमन बॅटरी घेऊन फीडरच्या कडेकडेने चालत निघतो, कुठल्या खांबावरचा फ्यूज उडाला आहे आणि कुठल्या तारेवर कडुलिंबाची फांदी अडकली आहे ते बघत. उपकेंद्रातून फीडर बंद केल्याची खात्री करतो, तारांना अर्थिंग करतो, मगच शिडी लावतो. आणि गल्लीच्या टोकाच्या एकाच रोहित्राचा फ्यूज उडाला असेल, तर स्मार्ट मीटर नसलेल्या वस्तीत ते कार्यालयाला कळायची वाट आजही एकच आहे: कुणीतरी १९१२ ला फोन लावायचा.